समोरून एक फोटो

दुरुस्तीवाल्यानं लेन्स काउंटरच्या काचेवर ठेवली आणि माझ्याकडे न बघताच म्हणाला, "साहेब, ही मी तिसऱ्यांदा उघडली. हिच्यात काही नाही. आता परत उघडली तर मीच काहीतरी बिघडवून ठेवीन." मला रागच आला. गेल्या वसंतापासून मी या माणसाच्या दुकानात खेटे घालत होतो आणि दर वेळी हा गृहस्थ लेन्सवर फुंकर मारून, पुसून, काही झालंच नाही अशा चेहऱ्यानं परत देत होता. मी लेन्स कॅमेऱ्याला लावली, कॅमेरा डोळ्याला लावला आणि दुकानाच्या अर्ध्या ओढलेल्या लोखंडी जाळीवर धरला. जाळीची मधली उभी पट्टी नेहमीसारखी वाकलेली होती. जेवून उठलेल्या माणसाच्या पोटासारखी मधेच फुगलेली. "ही बघा," मी म्हटलं, "ही तुम्हाला सरळ दिसते?" त्यानं कॅमेरा घेतला, बघितलं आणि म्हणाला, "सरळ आहे." मी म्हटलं, नीट बघा. त्यानं नीट बघितलं आणि पुन्हा सरळ म्हणाला. पासपोर्टचे फोटो घ्यायला आलेल्या एक बाई शेजारी उभ्या होत्या, त्यांच्या हातात त्यानं कॅमेरा दिला. त्यांनीही एक डोळा मिटून, जिभेचं टोक बाहेर काढून बघितलं आणि भीत भीत म्हणाल्या, "मला बाई सरळच दिसतेय." मग दोघंही माझ्याकडे बघायला लागले. कुणी माझ्याकडे बघितलेलं मला आवडत नाही. मी कॅमेरा जवळजवळ हिसकावून घेतला, पुन्हा डोळ्याला लावला, आणि वैतागून खाली घेतला तेव्हा सवयीनं माझा डावा डोळा मिटलेलाच राहिला होता. समोर कॅमेरा नव्हता. लेन्स नव्हती. नुसती जाळी होती, आणि ती वाकलेली होती. मी डावा डोळा उघडला. जाळी सरळ झाली. पुन्हा मिटला. वाकली.

"काय झालं?" दुरुस्तीवाल्यानं विचारलं. "काही नाही. ठीक आहे लेन्स," मी म्हटलं आणि बाहेर पडलो. रस्त्यानं दिसेल त्या सरळ गोष्टीवर डोळा मिटत, उघडत चाललो होतो. दिव्याचे खांब, दुकानांच्या पाट्या, एका इमारतीच्या खिडक्यांची रांग. डाव्यानं सगळं जिथल्या तिथं. उजव्यानं मधोमध कुणीतरी अंगठा दाबल्यासारखं चेपलेलं, आणि त्या चेपलेल्या जागी रंगही मळका. समोरून येणारी एक मुलगी माझ्याकडे बघून पलीकडच्या बाजूला गेली. हा म्हातारा डोळा मारतोय असं तिला वाटलं असणार. आणि एवढ्या सगळ्यात मला हसू आलं, कारण माझं लग्नच या गैरसमजातून झालेलं आहे. मी रंगांच्या कंपनीत शेड जुळवतो, तेव्हाही तेच करत होतो, आणि बायको तिथल्याच ऑफिसात नवीन लागली होती. वसंतात कंपनीची सहल निघाली. नदीकाठी ती मैत्रिणींबरोबर पाण्यात पाय सोडून बसलेली, आणि मी एका झाडाआडून तिच्यावर कॅमेरा धरून ती चप्पल हातात घेऊन उठण्याची वाट बघत होतो. ती उठली, मी फोटो काढला, कॅमेरा खाली घेतला आणि डावा डोळा मिटलेलाच राहिला. नेमकी तेव्हा तिनं मान वळवली. परतताना बसमध्ये ती मैत्रिणीला, मला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाली, "तो शेडवाला मला डोळा मारतो." मी खुलासा करायला गेलो. खुलासा लांबत गेला आणि पुढच्या वसंतापर्यंत आमचं लग्न होऊन गेलं. तो खुलासा तिला अजून पटलेला नाही.

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई माझ्या मुलीपेक्षाही लहान असतील. त्यांनी माझ्या डोळ्यांच्या आतले फोटो काढले. मी आयुष्यभर फोटो काढले, पण हनुवटी एका खाचेत ठेवून, कपाळ पट्टीला टेकवून, हलायचं नाही अशी तंबी ऐकत बसण्याची वेळ माझ्यावर पहिल्यांदाच आली. पडद्यावर एक नारिंगी गोळा आला, पिकलेल्या फळाच्या रंगाचा. असा रंग मला कुणी नमुना म्हणून आणून दिला असता तर मी दुपारपर्यंत जुळवून दिला असता. त्याच्या मधोमध राखाडी व्रण होता. "हा उजवा," त्या म्हणाल्या. "केव्हापासून वाकडं दिसतंय?" मी म्हटलं, गेल्या वसंतापासून. "मग इतके दिवस काय करत होतात?" मी म्हटलं, "लेन्स दुरुस्त करून घेत होतो." त्या हसल्या, आणि मग मी विनोद केला नव्हता हे लक्षात येऊन त्यांनी खुर्ची जवळ ओढली. त्यांनी मला नीट समजावून सांगितलं. डोळ्याच्या मागच्या पडद्याचा अगदी मधला भाग, ज्यानं आपण वाचतो, चेहरे ओळखतो, तिथं नको त्या नाजूक रक्तवाहिन्या वाढतात आणि झिरपतात. वेळेवर आलं तर इंजेक्शन देऊन थांबवता येतं. व्रण झाला की मग काही करता येत नाही. कडेचं दिसत राहतं, मधलं जातं. एरवी दोन्ही डोळे उघडे असले की चांगला डोळा वाइटाचं झाकून घेतो, म्हणून माणसाला पत्ता लागत नाही. फक्त एकच डोळा उघडा ठेवून बघायची वेळ आली तर लागतो. माझ्यावर ती वेळ दर रविवारी फोटो काढताना येत होती, आणि दर रविवारी मी मनातल्या मनात लेन्सच्या कंपनीला शिव्या घालत होतो. "डाव्यात अजून तसं काही नाही, पण ठिपके आहेत," त्या म्हणाल्या आणि मला एक छापील कार्ड दिलं. आडव्या-उभ्या रेघांची जाळी आणि मधे एक टिंब. "रोज सकाळी उजवा झाकून डाव्यानं या टिंबाकडे बघायचं. एक जरी रेघ वाकली तरी त्याच दिवशी यायचं. रविवार असला तर सोमवारी आम्ही दार उघडताना तुम्ही बाहेर उभे पाहिजे." मी विचारलं, वाकेल का? त्या म्हणाल्या, "वाकेलच असं नाही." त्यांचा आवाज मऊ होता, त्यामुळे मला जास्त भीती वाटली.

ते कार्ड मी कपाटाच्या दाराला आतून, माझ्या शर्टांच्या मागे चिकटवलं. घरात कुणाला सांगितलं नाही. का सांगितलं नाही याचं खरं कारण हास्यास्पद आहे, पण ते खरं आहे. सांगितलं असतं तर त्या क्षणापासून सगळे माझ्याकडे बघायला लागले असते. मी पायरी उतरताना, चहा ओतताना, ताटातलं निवडताना, सगळे हातातलं सोडून माझ्याकडे. आणि माझं सगळं आयुष्य माणसांनी माझ्याकडे बघू नये यासाठी गेलं आहे. "माझ्याकडे बघू नका, मी नाहीच आहे असं समजा," हे वाक्य आमच्या घरात इतकं घासलं गेलंय की नात सुद्धा मला ते म्हणून दाखवते. घरात मला गुप्तहेर म्हणतात. रांगेत उभं करून, हसा म्हणून काढलेले फोटो मला कधी आवडलेच नाहीत. त्यात माणसं दुकानात मांडून ठेवल्यासारखी दिसतात. माणूस खरा कधी दिसतो, तर तो दुसऱ्याच कशात गुंतलेला असताना. बुटाची नाडी बांधताना, संत्र्याची बी थुंकताना, वाऱ्यावर उडणारी चादर चार कोपऱ्यांनी दाबून धरताना. वसंत यासाठी मला सगळ्यांत चांगला. थंडीभर घरात कोंडलेली माणसं बाहेर पडतात, अंगावरचे जाड कपडे काढतात, आणि थोडा वेळ आपल्याला कुणी बघतंय हे त्यांच्या ध्यानात राहत नाही. दर वसंतात मी आमच्या घरच्यांना नदीकाठच्या त्या बागेत नेत आलो, कॅमेरा पोटाशी लपवून त्यांच्याभोवती घिरट्या घालत आलो. मुलगी रांगत होती तेव्हापासून ती तिच्या मुलीच्या मागे धावते आहे तिथपर्यंत सगळं माझ्याकडे आहे.

आणि बायकोचा एकही फोटो समोरून नाही. हे तिनंच मला सांगितलं, काही वर्षांपूर्वी, भिंतीवर नवीन फोटो लावत असताना. "हा माझा कान. ही माझी पाठ. ही माझी मान आणि हा तुमच्या जावयाचा हात. उद्या मी हरवले ना, तर पोलीस मला कानावरनं शोधतील." तिचं असंच आहे, तक्रारही हसवून करते. "एकदा समोरून एक काढा की, मी तुमच्याकडे बघीन, तुम्ही माझ्याकडे बघा, काय बिघडतं?" मी म्हटलं, तसा फोटो मेलेला असतो. "असू दे मेलेला, माझा आहे," ती म्हणाली. मी तो कधी काढला नाही. दर वसंतात ती एकदा तरी म्हणायची, समोरून एक, आणि मी म्हणायचो, बघू, आणि ती वळली की तिच्या वळण्याचा फोटो काढायचो. ती हलली की मात्र मी कुरकुर करायचो. "हललीस तू" हे माझं दुसरं वाक्य. तिचं म्हणणं, जिवंत माणूस हलणारच, नाहीतर मग ते पासपोर्टचं काय वाईट होतं? त्या दुरुस्तीवाल्याच्या दुकानातच तिनं एकदा पासपोर्टसाठी फोटो काढून घेतला होता. डॉक्टरांकडून आल्यावर एका दुपारी घरी कुणी नसताना मी तिचा खण उपसला आणि तो फोटो शोधला. बोटाच्या दोन पेरांएवढा. पांढऱ्या भिंतीसमोर बसलेली, ओठ मिटलेले, डोळे सरळ माझ्यावर. मी उजवा डोळा झाकून तिच्याकडे बघत बसलो. आणि मला कळेना की हिच्या दोन भुवयांपैकी एक थोडी उंच आहे हे मला आजवर माहीत कसं नव्हतं? डाव्या बाजूनं मला ती पाठ होती, उजव्या बाजूनं पाठ होती, वाकलेली, दमलेली, दुसऱ्यांशी बोलताना हसणारी पाठ होती. मधली माहीत नव्हती. आणि आता मधलंच जाणार होतं. मी रडलो नाही. फोटो जसा होता तसा ठेवून दिला आणि खण लावताना बोट चिमटून घेतलं.

कंपनीत माझं काम चालू होतं. तिथं एक खोकं असतं, आतून राखाडी, वर दिवसाच्या उजेडासारखा दिवा. गिऱ्हाईकानं आणलेला रंगाचा तुकडा एका बाजूला, मी घोटलेला रंग दुसऱ्या बाजूला, आणि मधली रेघ दिसेनाशी झाली की शेड जुळली. हे मी दोन्ही डोळ्यांनी करत आलो, म्हणून तिथं काही अडलं नाही. पण आता मी प्रत्येक तुकड्यावर उजवा डोळा झाकायला लागलो. पांढऱ्यात पिवळ्याचा थेंब जास्त पडला की काय, की हे माझ्या डोळ्यातलं पिवळं, हे ठरेना. हाताखालचा माणूस म्हणाला, "साहेब, जुळलंय की, किती बघताय?" घरी स्वयंपाकघराची भिंत मी स्वतः जुळवलेल्या रंगाची आहे, लोण्यासारखा पिवळा असं मी म्हणतो, "यांचा मेलेला पिवळा" असं बायको म्हणते. त्या भिंतीसमोर ती उभी असली की मी पेपर वाचण्याचं नाटक करत तिच्याकडे बघायचो. मी बघतोय असं कळलं की ती हातातला चमचा वर करून विचारायची, "काय हवंय?" मला काय हवं होतं ते सांगता येण्यासारखं नव्हतं. मला ती तशीच थोडा वेळ उभी राहायला हवी होती. मी म्हणायचो, चहा. त्या महिन्यात मी फार चहा प्यालो.

थंडी सरली, झाडांना तांबूस पालवी फुटली आणि मुलीचा फोन आला, की या रविवारी बागेत जाऊ या. मी कॅमेरा साफ केला आणि डाव्या डोळ्यानं बघण्याची सवय करायला लागलो. साठीला टेकलेल्या माणसाला डोळा बदलणं जमत नाही. नाक मधे येतं, मिटायचा डोळा मिटत नाही, गाल थरथरतो. आरशासमोर उभं राहून मी उजवा डोळा मिटायला शिकत होतो आणि बायकोनं ते बघितलं. "आता दुसऱ्या डोळ्यानं कुणाला?" ती म्हणाली. मी हसलो. सांगायची ती एक चांगली संधी होती, ती गेली.

रविवारी सकाळी मी कपाट उघडलं, शर्ट बाजूला सारले, उजवा डोळा तळव्यानं झाकला आणि टिंबाकडे बघितलं. टिंबाच्या उजवीकडची दुसरी रेघ वाकलेली होती. थोडीशीच. पहिल्यांदा मनात आलं ते असं, की कपाटाचं दार फुगलं असणार, लाकूडच ते. मी दार लावून पुन्हा उघडलं. मग कार्ड सोडवून भिंतीवर धरलं. मग खिडकीच्या उजेडात नेलं. तिथंही ती एक रेघ इतर रेघांपासून वेगळी, आपल्याच नादात वाकलेली होती. दवाखाना बंद. सोमवारी दार उघडताना बाहेर उभं राहायचं, एवढंच करण्यासारखं होतं, आणि मधे अख्खा दिवस होता. स्वयंपाकघरातून बायको ओरडत होती, की अंडी उकडून झालीत, पाण्याच्या बाटल्या कुणी भरायच्या, आणि ती जुनी चादर माळ्यावर आहे की धुवायला. मी स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभा राहिलो. ती मेलेल्या पिवळ्यासमोर पाठमोरी होती. "अगं," मी म्हटलं. "काय?" ती वळली, हात ओला, केस कपाळावर. तिचा चेहरा तिथंच होता, पण हनुवटीपाशी पाण्यात बघावं तसा जरा ढळलेला. "काय हो? बोला की." मी म्हटलं, "मीठ घे. अंड्यांना मीठ लागेल." "घेतलंय," ती म्हणाली आणि पुन्हा वळली.

गाडी जावई चालवतो. त्याच्याशेजारी मी, मागे बायको, मुलगी आणि नात. नातीला आम्ही ठमी म्हणतो. ती चार वर्षांची आहे आणि तिच्या वजनाचा सगळ्या घराला अभिमान आहे. रस्त्याकडेचे खांब मागे पळत होते आणि प्रत्येक खांब माझ्यासमोरून जाताना किंचित कमरेत लवत होता. जावई काहीतरी सांगत होता. चांगला मुलगा आहे, पण त्याला एक खोड आहे, कॅमेरा दिसला की तो पोट आत घेतो आणि हनुवटी वर करतो, त्यामुळे त्याचा एकही खरा फोटो मला मिळालेला नाही. "बाबा, आज माझा एक तरी चांगला काढा," तो म्हणाला. मी म्हटलं, तू श्वास घेतलास तर काढीन. मागे सगळे हसले. त्या हसण्यातून मी बायकोचं हसणं वेगळं काढून ऐकत होतो. कान माझे शाबूत आहेत हे खरं, पण त्या वेळी त्याचा काही दिलासा वाटला नाही.

बागेत नेहमीची जागा मोकळी होती. पांढऱ्या फुलांचं एक झाड आहे तिथं, मुळाशी गवत दाट. चादर अंथरली, संत्री निघाली, ठमी चादरीवर लोळली. मी उठलो, घिरट्या घालायला लागलो आणि डाव्या डोळ्यानं फोटो काढायला लागलो. ठमी फुलांच्या पाकळ्या गोळा करून आपल्या आईच्या बुटात भरत होती. मुलगी तिच्या आईच्या मांडीवर डोकं ठेवून पडली होती, बारा वर्षांची असताना पडायची तशीच, आणि बायको तिच्या केसांतून एकेक पाकळी काढून टाकत होती. टाकलेल्या पाकळ्या पुन्हा केसांतच पडत होत्या. हे सगळं मला दिसत होतं. मी वाटेल तेवढे फोटो काढले. रेघा वाकत होत्या त्या वाकू देत, म्हटलं, माणसात सरळ रेघ असते कुठे? थोडा वेळ तर मला असंही वाटलं की त्या डॉक्टरीणबाई उगीच घाबरवतात. ऊन चांगलं होतं. जावयानं श्वास सोडला आणि मी त्याला पकडला.

जेवण झालं, आणि त्यानंतर केव्हातरी ते झालं. दुखलं नाही, काही फुटल्याचा आवाज आला नाही. मी झोपाळ्यावरच्या ठमीवर कॅमेरा धरला होता. ती वर येत होती, मागे जात होती, आणि एकदा वर आली तेव्हा तिला तोंड नव्हतं. केस होते, फ्रॉक होता, पाय होते, मधे एक करडा धब्बा. माझ्या तोंडून शब्द निघाला तो, "लेन्स." मी कॅमेरा खाली घेतला, खिशातून फडकं काढलं आणि लेन्स पुसायला लागलो. फुंकर मारली, पुसली. पुन्हा वाफ सोडली, गोल गोल पुसली. पुन्हा बघितलं. धब्बा तिथंच, आणि कडेनं आता थोडा तांबडा. मी पुन्हा पुसायला बसलो. मला माहीत होतं. सगळं माहीत होतं, हातांना थांबता येत नव्हतं. बायको चादरीवरून म्हणाली, "अहो, पुसताय किती? झिजेल ती." मी मान वर करून दोन्ही डोळ्यांनी तिच्याकडे बघितलं. चादर दिसली, तिचे हात दिसले, मांडीवर संत्र्याची सालं. खांद्यांच्या वर झाडाचं खोड दिसायला हवं होतं तिथंही धब्बा आणि तिचा चेहरा दिसायला हवा होता तिथंही. एक डोळा दुसऱ्याचं झाकून घेतो म्हणतात, पण आता झाकायला कुणी उरलं नव्हतं. मला मोठ्यानं हाक मारावीशी वाटली. कुणाला मारायची आणि मारून काय म्हणायचं ते सुचेना. मी नजर बाजूला वळवली, झाडाकडे, आणि तशी ती दिसली. अगदी कडेला, पुसट, पण सगळी. तिच्याकडे बघायला गेलो, नाहीशी झाली. फुलांकडे बघितलं, आली.

"मला जरा समोरून एक काढा आज," ती म्हणाली. दर वसंतातलं तिचं ते वाक्य. मुलगी लगेच म्हणाली, "आई, बाबा काढणार नाहीत, त्यांच्या तत्त्वात बसत नाही," आणि जावई म्हणाला, मी काढतो फोनवर. "नको, हेच काढतील," बायको म्हणाली, पण ती उठली नाही, कारण मी काय म्हणणार ते तिला माहीत होतं. मी म्हटलं, "ऊठ. काढतो." मग मुलगी टाळ्या वाजवायला लागली, ठमीनं कारण न कळता वाजवल्या. बायको उठली, साडी झटकली, केसांवरून हात फिरवला, मुलीला विचारलं, बरी दिसतेय ना? ही सगळी चाहूल मला येत होती. "कुठे उभी राहू?" "त्या झाडापाशी. उजेड चांगला आहे." "आणि बघू कुठे?" मी म्हटलं, "माझ्याकडे."

मी कॅमेरा डोळ्याला लावला. फांद्या, पांढरी फुलं, तिची साडी, दोन्ही हात एकमेकांत धरलेले. वर धब्बा. त्या धब्ब्याभोवती एक हिरवा चौकोन आला आणि थरथरत स्थिर झाला. हल्लीचे कॅमेरे चेहरा आपला आपण शोधतात. त्याला ती दिसत होती. तो तिच्यावर बरोबर बसला होता, आणि मी त्याच्याकडे बघत होतो. मी बटण दाबलं. "झालं?" ती धावतच आली आणि माझ्या हातातल्या कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यात डोकावली. तिच्या केसांना संत्र्याचा वास येत होता. "अय्या," ती म्हणाली, आणि कॅमेरा आपल्या हातात घेतला. थोड्या वेळानं म्हणाली, "बरी आहे की मी. बघा ना. कशी आलेय?" पडदा तिनं माझ्या नाकासमोर धरला होता. तिचा आवाज तसा मी फार वर्षांत ऐकला नव्हता, बसमधल्या त्या मुलीचा आवाज. मला म्हणायचं होतं, सुंदर. मला म्हणायचं होतं, अगं, मला दिसत नाही. पण म्हटलं तर ती पुन्हा तशी झाडाखाली जाऊन कधी उभी राहणार? तोंडातून आलं ते वर्षानुवर्षांचं. "हललीस तू."

"नाही हो, स्वच्छ आलाय." "हललीस. परत उभी राहा." "तुमचं म्हणजे ना," ती म्हणाली, पण गेली. चादरीवरून मुलगी म्हणाली, "आई, अजिबात हलू नकोस आता, नाहीतर संध्याकाळ होईल." बायको पुन्हा झाडाखाली जाऊन उभी राहिली. या वेळी मी कॅमेरा डोळ्याला लावला नाही. छातीशी धरून ठेवला, आणि तिच्या शेजारी, हातभर डावीकडे, जिथं नुसती एक फांदी होती, तिथं बघत राहिलो. ती आली. कडेनं, हळूहळू, केस, कपाळ, ती थोडी उंच असलेली भुवई. की ती मला आठवत होती आणि मी ती तिथं ठेवत होतो, सांगता येत नाही. ती हलत नव्हती. मी सांगितलं म्हणून श्वासही धरला असावा. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा ती माझ्याकडे सरळ बघत उभी होती आणि मी तिला पाहिजे तेवढा वेळ बघू शकत होतो, फक्त तिच्याकडे न बघता. वाऱ्यानं पाकळ्या पडत होत्या. त्या तिच्या डोक्यावर पडताना दिसत नव्हत्या, फांदीवरून सुटताना दिसत होत्या.

"अहो," ती म्हणाली. "कुठे बघताय?" "तुझ्याकडेच." "मी इकडे आहे." "हो, माहितीये. हलू नकोस." मुलगी आणि जावई ठमीच्या मागे झोपाळ्याकडे गेले होते. बायकोचं हसणं थांबलेलं मला कळलं. ती माझ्या चेहऱ्याकडे बघत असावी. मग तिनं मान वळवून मी बघत होतो त्या फांदीकडे बघितलं, तिथं काही आहे का म्हणून. तिथं काही नव्हतं. पुन्हा माझ्याकडे बघितलं. आणि मग, मी नको म्हणायच्या आत, साडी जरा उचलून ती शहाण्या मुलीसारखी बाजूला सरकली, मी बघत होतो बरोबर तिथं येऊन उभी राहिली.

"आता?" ती म्हणाली. "आता बरोबर?"